आधार की आदर?

समजा, शब्दकोड्यात शोधसूत्र आले आहे: 'म्हातारपणी माणसाला हवा असतो', अक्षरे तीन. उभ्या शब्दांमुळे पहिल्या घरात 'आ' आला आहे, शेवटच्या घरात 'र', आणि मधले घर रिकामे आहे. तिथे 'धा' लिहिला तर आधार होतो, 'द' लिहिला तर आदर. अर्थाने दोन्ही चोख बसतात. ठाण्याहून किंवा डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये पेपरची घडी घालून कोडे सोडवणारा वाचक त्यातला एक शब्द लिहितो आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या उत्तराशी ताडून पाहतो. जुळले तर बरोबर, नाही तर चूक. त्याच्या विचारात मात्र दोन्ही वेळा काहीच कमी नव्हते. आपल्याकडची बहुतेक कोडी अशी एकपदरी, म्हणजे नुसता अर्थ सांगून शब्द मागणारी असतात आणि ती सोपी म्हणून वाचकाच्या सोयीची मानली जातात. माझे म्हणणे उलट आहे. ज्याला क्रिप्टिक म्हणतात ते गूढ, दुपदरी कोडे वाचकाशी जास्त न्यायाने वागते, कारण त्यात उत्तराचा पुरावा सूत्रातच ठेवलेला असतो. म्हणूनच उत्तराबरोबर त्याची फोडही छापली पाहिजे.

एका सूत्राला अनेक उत्तरे बसली की काय होते, हे आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे. बक्षिसांच्या शब्दकोड्यांना एके काळी मोठाच बहर आला होता. फी भरायची, कोडे भरून पाठवायचे आणि आयोजकांच्या उत्तराशी आपले जुळते का याची वाट पाहायची. मुंबई सरकारने १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी बेंगळुरूत छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकात येत आणि ते साप्ताहिक मुंबई राज्यात भरपूर खपे. १९५२ साली कायदा दुरुस्त करून राज्याबाहेर छापलेल्या पत्रांनाही तो लावला गेला, आणि खटला उभा राहिला. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण मिळणार नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात, केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्याबद्दल, न्यायालयाने रेघ ओढली: ज्या स्पर्धेत यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून असते तिला हे निर्बंध लागू नाहीत, नशिबावर चालणाऱ्या स्पर्धेलाच आहेत. आजच्या रोजच्या कोड्यात पैसा नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न येत नाही. पण कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते, ही कसोटी कोड्याच्या प्रत्येक सूत्राला लावून पाहण्यासारखी आहे.

तेच सूत्र आता दुपदरी करू: 'आ वासून विचारला भाव, म्हातारपणी हवाच (३)'. स्वल्पविरामानंतरचा भाग अर्थ सांगतो. आधीचा भाग शब्द बांधून देतो: आधी 'आ', मग भाव म्हणजे 'दर'. आ अधिक दर, आदर. आधार इथे बसूच शकत नाही, कारण भावाचा 'धार'शी संबंध नाही. वाचकाने शब्द लिहिला त्याच क्षणी त्याला कळते की तो बरोबर आहे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. १९१३ साली आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले शब्दकोडे छापले ते एकपदरीच होते. दुपदरी सूत्र पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये रुजले आणि १९३० पासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रोज येऊ लागले. त्याचे नियम मात्र सावकाश घडले. 'झिमेनिझ' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी १९६६ साली पुस्तक लिहून आग्रह धरला की सूत्रात नेमका अर्थ असावा, शब्दाची प्रामाणिक फोड असावी आणि तिसरे काही असू नये. फसवावे जरूर, पण खोटे बोलून नाही.

यावर पहिला आक्षेप लिपीचा घेतला जातो. इंग्रजीत सुटी सव्वीस अक्षरे हवी तशी फिरवता येतात, मराठीत काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे आड येतात, म्हणून ही कला आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणतात. अडचण खरी आहे, पण ती रचणाऱ्याची आहे, सोडवणाऱ्याची नाही. चौतीस व्यंजनांची बाराखडी धरली तरी चारशेच्या वर रूपे होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे 'रा'शी 'रा'च जुळावा लागतो, 'र' चालत नाही, आणि जाळे विणताना रचनाकाराचा घाम निघतो. पण सोडवणाऱ्याला असे एक घर भरून मिळाले की इंग्रजीतल्या एका अक्षरापेक्षा कितीतरी जास्त माहिती हाती येते. अक्षरे फिरवणेही जमते, फक्त मात्रा आपापल्या अक्षराबरोबर जाते हा नियम पाळायचा. 'सरकत विस्कटलो, झाला व्यायाम (४)': सरकत या शब्दाची अक्षरे विस्कटली की कसरत. सकाळी डोंबिवलीला गाडीत शिरणाऱ्या कोणालाही ही फोड समजावून सांगावी लागणार नाही. 'नदी उलटी वाहिली की गरीब (२)': दीन. 'एक मळकट पिशवी, तिच्या पोटात फूल (३)': 'एक मळकट' सलग वाचा, आत कमळ बसलेले दिसेल. आणि एक युक्ती तर इंग्रजीला मिळणारच नाही अशी आहे. 'दोन्ही काने गेलेला वारा बोहल्यावर चढतो (२)'. वारा या शब्दातले दोन्ही काने काढले की वर उरतो. लिपीचा अडथळा म्हणून जे दाखवले जाते तेच इथे खेळाचे साधन झाले आहे. शुद्धलेखनाकडेही मग डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. 'कवि' असे ऱ्हस्व लिहिण्याच्या काळात तो उलटला की 'विक' मिळाला असता. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी मराठी शब्दाचा अंत्य इकार दीर्घ केला, त्यामुळे आज 'कवी' उलटून 'वीक' होतो आणि सूत्र कोसळते. असे सूत्र आज छापणारा वाचकाला फसवतो.

दुसरा आक्षेप, हा इंग्रजी साहेबाचा खेळ आहे, मराठी माणसाला परका आहे. वाल्या कोळ्याची कथा ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना असे वाटायचे कारण नाही. 'मरा, मरा' म्हणता म्हणता 'राम' उमटतो, ही अक्षरे उलटण्याचीच युक्ती आहे आणि ती आपल्याकडे आजी नातवंडांना सांगते. विजापूरचा सरदार निघाल्याची खबर प्रत्येक ओळीच्या आद्याक्षरात लपवलेली रचना समर्थ रामदासांच्या नावावर सांगितली जाते. ती त्यांची असो वा नसो, लोकांनी ती आवडीने जपली एवढे नक्की. आणि नियमांबद्दल म्हणाल तर संस्कृत साहित्यशास्त्रात दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याची पुढची नोंद: पूर्वाचार्यांनी आणखी चौदा दुष्ट प्रहेलिका सांगितल्या आहेत, पण दोष अगणित असतात, म्हणून आपण चांगल्यांचीच लक्षणे देतो. ज्यांत लक्षण नाही त्या दुष्ट. कोडे कठीण असले म्हणून वाईट ठरत नाही, नियमाला सोडून असले म्हणजे वाईट ठरते, हा विचार झिमेनिझच्या बाराशेहून अधिक वर्षे आधीचा आहे. परके काही असेल तर ते इंग्रजी कोड्यातले ठरीव संकेत: क्रिकेटमधल्या संज्ञांची आद्याक्षरे, तिथल्या पलटणींची लघुरूपे. ते उचलण्याची गरजच नाही. 'पहिला सूर, मग मास्तर, आणि लेक नांदते तिथे (३)' हे सूत्र घ्या. पहिला सूर सा, मास्तर म्हणजे सर, उत्तर सासर. 'चौथा हिस्सा, मग ती. दिलेल्या पैशांचा पुरावा (३)' यात पाव आणि ती मिळून पावती होते. सरगम, बाराखडी, पाव-अर्धा-पाऊण ही आपली स्वतःची पुंजी त्यासाठी पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: फोड छापली की गंमत गेली. ज्याला उत्तर सापडले त्याला ती नको असते, ज्याला सापडले नाही तो ती वाचून खट्टू होतो. पण फोड दुसऱ्या दिवशी छापायची आहे, त्या दिवशी नाही. शिवाय ती वाचून नवा माणूस युक्ती शिकतो आणि पुढच्या वेळी तीच युक्ती स्वतः ओळखतो. फोड न छापणाऱ्या कोड्याचे सोडवणारे तेच ते राहतात. आणखी एक काम फोड करते, ते म्हणजे रचनाकाराची तपासणी. 'जंक्शनवरचा राग भल्यासाठी (३)' हे सूत्र पाहा. कल्याण हे जंक्शन, कल्याण हा संध्याकाळनंतर गायचा राग, आणि कल्याण म्हणजे भले. वाचायला झकास आहे, पण फोड लिहायला बसले की 'साठी' हा शब्द शिल्लक राहतो. त्याला काही काम नाही, तो फक्त वाक्य गोड करायला आला आहे. जागरूक वाचक त्यावर बोट ठेवील आणि त्याचे बरोबर असेल. 'जंक्शनवरचा राग हेच भले' असे केले तर 'हेच' बरोबरीच्या चिन्हाचे काम करतो आणि हिशेब जुळतो. हा फरक फोड लिहिल्याशिवाय रचणाऱ्यालाही दिसत नाही.

दुपदरी कोडे फोडीसह देण्याच्या प्रयोगाला ठाणे-कल्याणसारखी जागा नाही. रेल्वे १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत आली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत साहित्य संमेलन भरले. वाचणारा माणूस आहे, रोजचा गाडीतला वेळ आहे, आणि दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडून शंका फेडता येईल अशी वाचनालये आहेत. वृत्तपत्रांनी फोडीला जागा दिली नाही तर वाचनालयांनी ती द्यावी: आठवड्याला एक दुपदरी कोडे वृत्तपत्रांच्या टेबलाजवळ लावावे, पुढच्या आठवड्यात त्याच जागी प्रत्येक सूत्राची फोड लावावी, खाली आक्षेप लिहायला कोरी जागा सोडावी, आणि त्या आक्षेपांना रचनाकाराने आपल्या नावानिशी उत्तर द्यावे.