दत्तक मूल : संस्थेची निवड आणि सत्याचा मार्ग

“फादर, एखाद्या कॉन्व्हेंटमधून बाळ मिळवून द्याल का?” अपत्यसुखापासून वंचित राहिलेली दाम्पत्ये धर्मगुरूंना हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यामागची वेदना आम्ही जाणतो. परदेशी असलेल्या नातलगांकडून ‘ओपन अडॉप्शन’विषयी ऐकलेली काही कुटुंबे तर तशी सोय करणारी संस्था कोणती, अशीही विचारणा करतात. दोन्ही प्रश्नांमागील गैरसमज दूर व्हावेत, यासाठी हा लेखप्रपंच.

ओपन अडॉप्शन, म्हणजेच खुले दत्तकविधान, ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रूढ आहे. तेथे जन्मदाती माता पुष्कळदा संस्थेच्या मदतीने आपल्या बाळासाठी कुटुंब निवडते आणि पुढेही पत्रे, छायाचित्रे किंवा भेटी यांद्वारे संबंध ठेवते. निर्गम या ग्रंथातील मोशेची कथा येथे सहज आठवते. फारोच्या कन्येने त्याला पुत्र मानले, परंतु त्याला दूध पाजले ते त्याच्या जन्मदात्या आईनेच. तेथे राहून असा विचार करणाऱ्या आपल्या बांधवांनी संस्थेला काही प्रश्न अवश्य विचारावेत. मातेला स्वतंत्र सल्ला मिळतो का? निर्णयासाठी तिच्यावर दबाव येत नाही ना? पुढील संपर्काच्या अटी लेखी आहेत का आणि त्या राज्यात त्या कायद्याने बंधनकारक ठरतात का?

भारतात मात्र अशी पद्धत नाही. येथे जन्मदात्यांची ओळख गोपनीय राखली जाते. तसेच बाळ ‘देणारी’ संस्था आपण निवडत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ आणि दत्तक नियमावली २०२२ यांनुसार इच्छुक पालकांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजेच ‘कारा’च्या, पोर्टलवर नोंदणी करावयाची असते. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन कुटुंबाचा अभ्यास करतो व अहवाल सादर करतो. बाळाची माहिती ज्येष्ठता यादीतील क्रमानुसार कळवली जाते. प्रतीक्षा दीर्घ असते, कित्येकदा काही वर्षांची. ती कोणाच्याही शिफारसपत्राने कमी होत नाही, धर्मगुरूंच्याही नाही.

हा मार्ग आपल्यासाठी किती मोलाचा आहे, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. १९५६ चा दत्तकविषयक कायदा हिंदूंपुरता होता. ख्रिस्ती दाम्पत्यांना १८९० च्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालकत्व मिळे; मूल कायद्याने त्यांचे होत नसे. बाल न्याय कायद्याने ही उणीव भरून काढली आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, धर्म कोणताही असो, या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते.

मग निवडीला वाव कोठे आहे? गृहअभ्यासासाठी जवळच्या मान्यताप्राप्त संस्थेची निवड करता येते. तिची मान्यता चालू आहे का, हे ‘कारा’च्या संकेतस्थळावर पाहावे. शुल्क नियमात ठरलेले तेवढेच द्यावे व पावती घ्यावी. ‘देणगी’ मागणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. संस्था केवळ कागदपत्रे तपासते की मनाची तयारीही करून घेते, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे होणाऱ्या पाठपुराव्यात ती साथ देते का, याची चौकशी करावी. धर्मभगिनींचे नाव जोडलेली प्रत्येक संस्था दत्तक देते, असेही नाही. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने २०१५ सालीच नव्या नियमांशी मतभेद झाल्याने हे कार्य थांबवले.

एखाद्या प्रसूतिगृहातून परस्पर बाळ आणून खोटा जन्मदाखला करणे, हा ‘उपकार’ नव्हे, गुन्हा आहे. कायद्याबाहेर मूल दत्तक घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुलाच्या खरेदी-विक्रीसाठी शिक्षा याहून कठोर आहे. त्याहून मोठे पाप त्या मातेवर होते. रीतसर मूल सोपवणाऱ्या पालकांना निर्णयाचा पुनर्विचार करण्यासाठी कायदा दोन महिन्यांची मुदत देतो. चोरवाटेने गेलेल्या बाळाच्या आईला ती कोण देणार?

परदेशस्थ भारतीय नागरिकांनाही भारतातील मूल दत्तक घेता येते. त्यांनी त्या देशातील ‘कारा’मान्य संस्थेमार्फत किंवा तेथील दत्तकविषयक केंद्रीय प्राधिकरणामार्फत अर्ज करावा. दोन्ही नसतील तेथे भारतीय दूतावासाकडे जावे. गावाकडील ओळखीचा ‘मध्यस्थ’ हा मार्ग नव्हे. आंतरदेशीय दत्तकविधानासंबंधीच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ साली मान्यता दिली, ती मुलांचा व्यापार रोखण्यासाठीच.

आपल्याकडे खुले दत्तकविधान नसले, तरी एक खुलेपणा प्रत्येक घरात शक्य आहे. तो म्हणजे मुलाला सत्य सांगणे. विवाहाची कागदपत्रे जुळवताना, एखाद्या नातलगाच्या तोंडून, आपण दत्तक आहोत हे कळलेली तरुण मुले आमच्यापुढे बसून रडली आहेत. त्यांना दुःख दत्तक असण्याचे नव्हते, लपवाछपवीचे होते. म्हणून अगदी लहानपणापासून, गोष्टीतून, प्रेमाने सांगत जावे. मोठेपणी आपल्या मुळांचा शोध घेण्याची वाट नियमावलीनेही, गोपनीयतेच्या मर्यादेत, मोकळी ठेवली आहे.

ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तर यात कमीपणाचे काहीच नाही. धर्मशासनाच्या ११० व्या कलमानुसार, देशाच्या कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेले मूल हे त्या आईवडिलांचेच मूल होय. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पालक म्हणून त्यांचीच नावे लिहिली जातात. आपण सारेच बाप्तिस्म्याने देवाची दत्तक लेकरे झालो आहोत, ही संत पौलाची शिकवण आपण प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी साजरी करतो.

बाळाच्या प्रतीक्षेत असलेल्या दाम्पत्यांना आमचे सांगणे एवढेच, की आडवाट धरू नका आणि एकटेही राहू नका. आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोला. इतर धर्मग्रामस्थांनीही ‘कोणाचे मूल?’ ही कुजबुज थांबवावी. प्रभू येशूला पित्याच्या मायेने वाढवणारे संत जोसेफ अशा प्रत्येक कुटुंबाला धीर देवोत.