बाणाचा पिसारा

दिल्ली शहराच्या उत्तरेस खडकाळ टेकड्यांची एक रांग आहे. तिच्या माथ्यावरील एका भागास आज सर्वजण हिंदूराव या नावाने ओळखतात. हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव यांचे होय. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे ते बंधू. विल्यम फ्रेझर नावाचा इंग्रज अधिकारी टेकडीवरील ज्या वाड्यात राहत असे, तो वाडा 1835 मध्ये फ्रेझरचा खून झाल्यानंतर हिंदूरावांनी विकत घेतला आणि त्यांचे नाव त्या जागेस कायमचे चिकटले. पुढे तेथे रुग्णालय झाले. परंतु या टेकडीचा इतिहास त्याहून पुष्कळ जुना आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने येथे ‘कुश्क-ए-शिकार’, म्हणजे शिकारीचा महाल बांधला. रुग्णालयाच्या आवारातील पीर गायब ही दगडी इमारत त्याच महालाचा अवशेष मानली जाते. सुलतानाने मीरतहून आणून उभा केलेला अशोकस्तंभही जवळच आहे.

सुलतान आणि त्याचे सरदार या टेकड्यांवर शिकार करीत, तेव्हा धनुष्यबाण हे त्यांचे एक मुख्य साधन होते. महालाचे दगड टिकले. जुन्या बाणांची लोखंडी फळेही पुष्कळ ठिकाणी सापडतात. मात्र ज्या भागावाचून बाण सरळ गेलाच नसता, तो भाग सर्वांत आधी नष्ट होतो. त्यास कसर लागते, तो कुजतो, झडून जातो. तो भाग म्हणजे बाणाच्या मागील टोकास लावलेली पिसे. मराठीत मोराच्या पिसांच्या भारास आणि बाणाच्या या पिसांस पिसारा हा एकच शब्द आहे. बाणाचा पिसारा काय काम करतो आणि त्यासाठी पीस कसे निवडावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पिसारा बाणास सरळ कसा ठेवतो?

एक साधा प्रयोग करून पाहावा. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचा हातभर लांबीचा तुकडा घेऊन तो भाल्याप्रमाणे फेकावा. थोड्याच अंतरावर तो आडवा होतो आणि गिरक्या घेत खाली पडतो. आता त्याच्या पुढील टोकास ओल्या मातीची लहान गोळी लावावी आणि मागील टोकास चीर पाडून तीत जाड कागदाचा तुकडा बसवावा. या वेळी तो बराच सरळ जातो.

याचे कारण असे. उडणारी वस्तू वळते ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती. गोळीमुळे हा मध्य पुढे सरकतो. हवेचा दाब मात्र रुंद पृष्ठभागावर, म्हणजे कागदावर, अधिक पडतो. बाण किंचित तिरपा झाला की मागील पृष्ठभागावर हवा एका बाजूने आदळते आणि शेपटीस ढकलून पुन्हा मार्गावर आणते. देवळाच्या शिखरावरील वातकुक्कुट ज्या नियमाने वाऱ्याकडे तोंड करतो, तोच हा नियम. यावरून उघड होते की, पिसारा बाणास पुढे ढकलीत नाही. उलट तो त्यास थोडासा मागे ओढतो. वेगाची ही अल्प किंमत देऊन दिशा विकत घ्यावयाची असते.

बाणास अशा सावरण्याची गरज सुटताक्षणीच भासते. प्रत्यंचेचा धक्का बसताच बाणाची दांडी प्रथम वाकते, मग उलट बाजूस वाकते आणि अशा रीतीने माशासारखी वळवळत धनुष्याच्या बाजूने निसटते. 1930 च्या सुमारास अमेरिकेतील क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिशीघ्र छायाचित्रणाच्या साहाय्याने ही वळवळ स्पष्ट दाखविली. ती शांत करणे, हे पिसाऱ्याचे पहिले काम.

पिसेच का?

हे काम कागद, पान किंवा प्लॅस्टिकही करू शकेल. तरी साध्या लाकडी धनुष्यासाठी पिसास तोड नाही. याचे पहिले कारण वजन. मध्यम आकाराच्या तीन पिसांचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते, तर लाकडी शिकारी बाण तीस ग्रॅमच्या आसपास असतो. मागील टोक हलके राहिल्याने गुरुत्वमध्य पुढेच राहतो. दुसरे कारण लवचिकपणा. साध्या धनुष्यावर बाण मुठीला घासूनच जातो. प्लॅस्टिकचे ताठ पाते तेथे आपटून बाणास बाजूला फेकते; पीस मात्र क्षणभर दबते आणि लगेच पुन्हा उभे राहते.

या गुणाचे रहस्य पिसाच्या रचनेत आहे. मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंस बारीक तंतू निघतात. त्या तंतूंस आणखी सूक्ष्म उपतंतू असतात आणि त्यांवरील आकडे शेजारच्या उपतंतूंत अडकतात. पीस विसकटले तरी बोटांत धरून हलकेच ओढताच हे आकडे पुन्हा गुंततात. चेपलेले पीस चहाच्या किटलीच्या वाफेवर धरले असता पूर्ववत होते. मोराचा सुप्रसिद्ध पिसारा मात्र या कामी निरुपयोगी ठरतो. त्यातील लांब पिसांचे तंतू सुटे असतात. ते शोभेसाठी आहेत, हवेशी झुंजण्यासाठी नाहीत. मोराच्या पंखातील पिसे निराळी. ती बाणास चालतात.

कोणत्या पंखाचे पीस?

बाणासाठी पक्ष्याच्या पंखातील मोठी उड्डाणपिसे घेतात. अशा पिसाची एक बाजू अरुंद व दुसरी रुंद असते. कणा उभा चिरून रुंद बाजूच वापरतात. परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम याहून वेगळा आहे: एका बाणावरील सर्व पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातील असली पाहिजेत.

डाव्या व उजव्या पंखांतील पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो. या बाकामुळे उडताना बाण स्वतःभोवती फिरतो. मागून पाहणाऱ्या धनुर्धरास उजव्या पंखाची पिसे लावलेला बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतो, डाव्या पंखाचा त्याच्या उलट. दोन्ही सारखेच चांगले. या फिरण्यामुळे दांडीचा किंवा फळाचा बारीकसा दोष एकाच दिशेस साचत नाही. मात्र दोन्ही पंखांची पिसे एकत्र लावली की ती एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि बाण डगमगतो.

पीस कोणत्या पंखाचे आहे हे ओळखणे सोपे आहे. कण्याच्या ज्या बाजूस पन्हळ असते ती पिसाची खालची बाजू. ती खाली करून, टोक आपल्यापासून दूर येईल असे पीस धरावे. अरुंद भाग डावीकडे आला तर पीस उजव्या पंखाचे. उजवीकडे आला तर डाव्या पंखाचे.

किती मोठे, किती संख्येने?

पिसाचा आकार बाणाच्या फळावर अवलंबून असतो. सरावाच्या बाणाचे टोक बारीक असते. त्यास तीन-चार इंच लांबीची पिसे पुरतात. शिकारी बाणाचे फळ रुंद पात्याचे असते. असे पाते स्वतःच पंखासारखे वागते, हवेचा दाब पुढच्या बाजूस आकर्षून घेते आणि बाणास भरकटविते. म्हणून त्याच्या मागे पाच किंवा साडेपाच इंचांची पिसे लावतात. ज्याने हा हिशेब चुकविला, त्याचा बाण केवळ नेम चुकवीत नाही. तो तिरपा लागून जनावरास जखमी करतो आणि ते रानात दिवसचे दिवस तडफडत राहते. शिकाऱ्याच्या कौशल्याची आणि सदसद्विवेकाची परीक्षा पिसांच्या निवडीपासूनच सुरू होत असे.

सामान्यतः तीन पिसे समान अंतरावर लावतात. त्यांपैकी एक प्रत्यंचेच्या खाचेशी काटकोनात येते, म्हणजे उरलेली दोन धनुष्यास कमी घासतात. झाडावरील पक्ष्यांसाठी पिसे न कातरता पूर्ण रुंदीची ठेवतात. बाण जवळच्या अंतरात वेगाने जातो आणि मग ओढ वाढून लवकर खाली येतो, त्यामुळे तो हरवत नाही. पीस लावताना त्याच्या बुडाकडील भाग पुढे ठेवतात, म्हणजे हवा तंतूंच्या कलाने वाहते. हा पुढील भाग तासून, सरसाने चिकटवून दोऱ्याने घट्ट बांधावा लागतो. तो सुटून उभा राहिला तर बाण सुटताना धनुर्धराच्याच मुठीत घुसतो.

पाऊस हा पिसाऱ्याचा मोठा शत्रू होय. भिजलेले पीस दांडीस चिकटून बसते आणि त्याचा उपयोग सरतो. त्यासाठी पिसांस चरबी किंवा मेण किंचित चोळीत आणि भाता झाकून ठेवीत.

कोणत्या पक्ष्याचे पीस?

प्राचीन भारतीयांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला होता. धनुर्वेदाच्या संस्कृत ग्रंथांत कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर इत्यादी पक्ष्यांची पिसे उत्तम म्हणून सांगितली आहेत. प्रत्येक बाणास चार पिसे, प्रत्येकी सहा अंगुळे लांब असावीत, आणि शार्ङ्ग म्हणजे शिंगाच्या धनुष्याच्या बाणास दहा अंगुळांची असावीत, असेही तेथे सांगितले आहे. महाभारतात बाणांस कंकपत्र, गार्ध्रपत्र अशी विशेषणे येतात. त्यांतील कंक व गृध्र ही पक्ष्यांचीच नावे. इंग्लंडात गूज या पाळीव हंसाच्या पिसांवर सैन्य अवलंबून असे. तेथील पाचव्या हेन्री राजाने 1417 मध्ये प्रत्येक गूजमागे सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम काढला होता. सातपुड्यातील भिल्लांचा तीरकमठा तर महाराष्ट्रास परिचित आहे; त्यात धनुष्य बांबूचे आणि दोरीही बांबूच्या सालीची असते.

जुन्या यादीतील पक्ष्यांकडे आज पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. ताठ व टिकाऊ पिसांसाठी वाखाणलेले गिधाड एके काळी उत्तर भारतात सर्वत्र दिसत असे. 1990 च्या दशकापासून त्याची संख्या वेगाने घटली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर सुमारे पंधरा वर्षांत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते व त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. 2006 मध्ये भारत सरकारने गुरांसाठी त्याच्या उत्पादनास बंदी केली. मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोर व गिधाड या दोघांसही संरक्षण दिले आहे, आणि बाणाने असो वा बंदुकीने, वन्य प्राण्यांची शिकार हा आता अपराध आहे.

तेव्हा आज पिसांची निवड करणाऱ्यापुढे जुने नियम आहेत, पण पक्षी नवा आहे. जगभर पारंपरिक धनुर्विद्येचा सराव करणारे लोक मुख्यतः पाळीव टर्कीची पंखपिसे वापरतात. ती लांब, ताठ व सहज मिळणारी असतात. गूजची पिसेही चालतात. पंख एकाच बाजूचा असावा, लांबी फळास साजेशी असावी, बुडखा पुढे व बांधणी घट्ट असावी, हे नियम गवती लक्ष्यावर बाण सोडणाऱ्यासही तितकेच लागू आहेत.

हिंदूरावच्या टेकडीवर शिकारीचा महाल आता ओसाड अवशेषरूपाने उरला आहे आणि त्याच्या शेजारी रुग्णांची शुश्रूषा चालते. येथे सुटलेल्या बाणांचे एकही पीस शिल्लक नाही. पण ज्या ज्ञानाने ते पीस निवडले जात असे, ते ज्ञान पक्ष्याच्या पंखाकडे बारकाईने पाहण्यातून आले होते. ते पाहणे टिकवावयाचे तर आकाशात पक्षीही टिकले पाहिजेत.