दलालीचें गणित

सांगलीच्या हळदपेठेंत अडत्या काय करितो, हें तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तो शेतकऱ्याचा माल खरेदीदारापुढें मांडतो, सौदा जुळवितो आणि त्याबद्दल अडत घेतो. शेतकरी आपली हळद एकदांच विकतो. म्हणून अडतही एकदांच पडते. आतां असा मनुष्य कल्पावा कीं, जो तेंच पोतें दिवसांतून तीनदां घेतो व तीनदां विकतो. भाव हालो वा न हालो, अडत प्रत्येक वेळीं द्यावीच लागेल. शेअरबाजारांत सकाळीं घेऊन त्याच दिवशीं विकणाऱ्याची स्थिति नेमकी अशीच असते.

मुंबईचा शेअरबाजार १८७५ सालीं स्थापन झाला. तेथें दलाल समोरासमोर उभे राहून, ओरडून सौदे करीत. १९९४ सालीं राष्ट्रीय शेअरबाजारानें संगणकाच्या पडद्यावर सौदे सुरू केले, आणि पुढच्याच वर्षीं मुंबईनेंही तो मार्ग धरिला. आज तो पडदा खिशांतल्या मोबाइलवर आला आहे. दलालीही उतरली, कित्येक दलाल एका हुकुमास २० रुपयांहून अधिक घेत नाहींत. मग चिंता कशाची? चिंता सौद्यांच्या संख्येची.

एक लाख रुपयांचे शेअर घेऊन त्याच दिवशीं त्याच भावानें विकले, असें धरूं. दोन हुकुमांची दलाली ४० रुपये, तीवर १८ टक्के कर ७ रुपये २० पैसे, आणि विक्रीवरील रोखे-व्यवहार कर शेंकडा ०.०२५ प्रमाणें २५ रुपये. एकूण ७२ रुपये २० पैसे. मुद्रांक वगैरे किरकोळ खर्च निराळा. असे तीन फेरे रोज, वर्षांत २४० दिवस केल्यास ५१,९८४ रुपये होतात. म्हणजे लाखाचें भांडवल जागच्या जागीं राखण्यासाठींच शेंकडा ५२ नफा मिळविला पाहिजे!

हें केवळ कागदी गणित नव्हे. सेबी या नियामक संस्थेनें जुलै २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०२२-२३ सालीं एका दिवसांत शेअरांची खरेदी-विक्री करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकीं सातांना तोटा झाला. वर्षांत ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत हें प्रमाण ८० टक्के होतें. शिवाय तोटा सोसणाऱ्यांचा व्यवहारखर्च त्यांच्या तोट्याच्या ५७ टक्के इतका आणखी झाला.

सॉफ्टवेअरचा परिणाम दुहेरी आहे. आलेख व सूचना सतत डोळ्यांपुढें नाचतात, बोट टेकतांच सौदा होतो, आणि त्यामुळें सौदे वाढतात. दुसरें असें कीं, समोरच्या पक्षाजवळ निमिषार्धांत हुकूम सोडणारीं यंत्रें असतात. वायदे व ऑप्शन यांच्या बाजारांत २०२३-२४ सालीं परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकीं ९७ टक्के नफा अशा यंत्रचालित सौद्यांतून आला, असें सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या पाहणींत आढळलें.

पालकांस विनंति इतकीच कीं, मुलगा अठरा वर्षांचा होऊन या मार्गास लागलाच, तर त्याच्या नफ्याच्या गोष्टी ऐकण्यापूर्वीं दलालाकडून येणाऱ्या सौद्याच्या चिठ्ठ्या पाहाव्या आणि खर्चाच्या रकान्याची बेरीज त्याच्याकडूनच करवून घ्यावी. तिला शाळेंत शिकलेली त्रैराशिक व शेंकडेवारी पुरेशी आहे.