श्वास मोजता आला पाहिजे! – श्वसनविकार, शस्त्रक्रिया आणि रुग्णाची शुश्रूषा



आपण ऊर्जानगरात राहतो. एका बाजूला औष्णिक वीज केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. धूळ, राख, खोकला आपल्याला नवीन नाही. म्हणूनच खोकल्याकडे आपलं दुर्लक्षही पटकन होतं.

मागच्या हिवाळ्यात एक आई मुलीला न्यायला शाळेत आली. कडेवर आठ महिन्यांचं बाळ होतं. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही जी मॅडम, सर्दी हाय." पण बाळाचं पोट भराभर उडत होतं. घड्याळ लावून मोजलं, तर मिनिटाला 58 श्वास! त्याच दिवशी त्याला दवाखान्यात भरती केलं. न्यूमोनिया होता. आता बाळ छान आहे. त्या आईची चूक नव्हती. श्वास मोजायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गडचिरोलीने काय दाखवलं?

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988 च्या सुमारास गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यात लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईसुद्धा होत्या. त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शेवटचा लाल मणी सरकला की समजायचं, हा न्यूमोनिया! मग लगेच औषध सुरू.

1990 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आला. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांमध्ये 13.5 टक्के. म्हणजे रुग्णसेवेची सुरुवात मोठ्या यंत्रापासून नाही, नीट बघण्यापासून होते.

श्वास कसा मोजायचा?

बाळ शांत असताना, कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट मोजा. रडताना मोजू नका. खोकला किंवा सर्दी असताना इतके श्वास दिसले तर ते जलद समजतात :

- 2 महिन्यांपेक्षा लहान : 60 किंवा जास्त
- 2 ते 12 महिने : 50 किंवा जास्त
- 1 ते 5 वर्षे : 40 किंवा जास्त

छाती आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, दूध न पिणे, झटके येणे, बाळ सुस्त पडणे – यातलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका. 108 ला फोन करा. पोटाला डाग देणं, बिब्बा लावणं अजिबात नको.

मोठ्या माणसाला धाप लागली तर

आडवं झोपवू नका. पाठीला उशा देऊन बसतं करा किंवा थोडं पुढे वाकवून हात टेबलावर टेकवायला सांगा. त्यामुळे फुप्फुसांना पसरायला जागा मिळते. चुलीचा आणि बिडीचा धूर दूर ठेवा. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर डॉक्टरांना न विचारता तो वाढवू नका. फुप्फुसाच्या जुनाट आजारात जास्त ऑक्सिजननेही अपाय होऊ शकतो.

ऑपरेशननंतर श्वासाचे व्यायाम का?

पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं की टाके दुखतात. म्हणून रुग्ण अर्धवट श्वास घेतो, खोकला दाबतो. मग कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून सिस्टर ऑपरेशनच्या आधीच दीर्घ श्वास घ्यायला शिकवतात. नंतर तीन गोळ्यांचं यंत्र ओढायला लावतात, टाक्यांवर उशी धरून खोकायला सांगतात, डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकर उठवून चालवतात. नातेवाईक म्हणतात, "राहू द्या ना सिस्टर, दुखते त्याले." पण ती सक्ती नाही, तीच खरी सेवा आहे. आणि ऑपरेशन ठरलं की बिडी-सिगारेट त्याच दिवशी बंद!

मुलांसाठी गृहपाठ

आज घरातल्या प्रत्येकाचे, शांत बसलेले असताना, एका मिनिटाचे श्वास मोजा आणि वहीत लिहा. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 येतील. लहान भावंड असेल तर त्याचे आईसोबत मोजा.

एक मिनिटाचं काम आहे, पण त्यानं एखादं बाळ वाचू शकतं.