भीमासुर

भीमासुर (पुराणात केवळ ‘भीम’) हा शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतील राक्षस असून भीमाशंकर ज्योतिर्लिंगाची उत्पत्तिकथा त्याच्याशी निगडित आहे. महाभारतातील भीमाशी त्याचा संबंध नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव व खेड तालुक्यांच्या सीमाभागातील भीमाशंकर हे या कथेचे स्थान मानले जाते.

== कथा ==

भीम हा कुंभकर्ण व कर्कटी यांचा पुत्र होय. तो मातेसह सह्य पर्वतावरील अरण्यात वाढला. पित्याचा वध रामाने केल्याचे आईकडून समजल्यावर विष्णूचा सूड घेण्यासाठी त्याने ब्रह्मदेवाची तपश्चर्या केली व अतुल बळाचा वर मिळवला. त्यानंतर त्याने इंद्रादी देवांना पराभूत केले आणि कामरूपचा शिवभक्त राजा सुदक्षिण याचे राज्य हिरावून त्याला बंदिवासात टाकले.

कारागृहातही राजाने पार्थिव लिंगाची, म्हणजे मातीच्या शिवलिंगाची, पूजा चालू ठेवली. हे कळताच भीमाने लिंगावर तलवार उगारली. तेव्हा लिंगातून शिव प्रकट झाले व त्यांनी हुंकाराने भीमासह राक्षसांना भस्म केले. पुढे देवांच्या विनंतीवरून शिव तेथेच राहिले. या अग्नीच्या राखेतून वनौषधी उत्पन्न झाल्या, असेही पुराण सांगते.

== स्थानाविषयी मतभेद ==

भीमाचे बालपण सह्याद्रीत, तर राजाचे राज्य कामरूपात असल्याने या ज्योतिर्लिंगाच्या स्थानाविषयी दोन परंपरा आहेत. महाराष्ट्रातील परंपरा सह्याद्रीचा उल्लेख प्रमाण मानते, तर आसाममध्ये गुवाहाटीजवळच्या स्थानाला हा मान दिला जातो. सह्याद्रीतील भीमाशंकर हे भीमा नदीचे उगमस्थान आहे. स्थानिक आख्यायिकेत भीमासुराऐवजी त्रिपुरासुर येतो. त्याच्याशी युद्ध करून थकलेल्या शिवाच्या घामातून ही नदी उत्पन्न झाली, असे मानले जाते.

== तुलना ==

सत्ताधीश व अरण्यपुत्र यांचा संघर्ष मेसोपोटेमियातील ‘गिल्गमेश’ महाकाव्यातही आढळतो. तेथे उरुकचा उन्मत्त राजा गिल्गमेश याला आवर घालण्यासाठी अरुरू देवी मातीपासून एन्किडू हा रानटी पुरुष घडवते. दोघांची झुंज होते व तिचे पर्यवसान मैत्रीत होते. पुढे ते देवदारवनाचा रक्षक हुंबाबा याला ठार करतात. देवांच्या निर्णयाने एन्किडूला मृत्यू येतो.

भीमासुराच्या कथेत हा क्रम उलटा आहे. येथे अरण्यात वाढलेलाच सत्तेने उन्मत्त होतो आणि राजा दुर्बळ बंदिवान ठरतो. समेट होत नाही. मात्र पराभूताचे नाव देवाच्या नावात कायम राहते. दोन्ही कथांत मातीला महत्त्व आहे: एकीत तिच्यापासून प्रतिस्पर्धी घडतो, तर दुसरीत उपास्य लिंग.

== परिसर ==

मंचर–घोडेगाव मार्गाने आंबेगाव तालुक्यातून भीमाशंकरला जाता येते. मंदिराभोवतीचे वन १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे आढळतो. परिसरातील महादेव कोळी समाजाने देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांमुळे जुन्या वृक्षराजीचे काही पट्टे टिकून राहिले आहेत.