फांदीवरचे डोळे

बोस्टनमध्ये जानेवारी लागला की हिरव्या रंगाची अक्षरशः भूक लागते. खिडकीतला कढीपत्ता पानं गाळून बसलेला, बाहेर बर्फ. अशा वेळी मेपलची एखादी फांदी खाली ओढून नीट पाहावी.

नाशिकचे द्राक्ष बागायतदार ज्याला ‘डोळा’ म्हणतात, तो प्रत्येक पेरावर दिसेल. मेपलचे डोळे समोरासमोर, जोडीनं. ओकचे आळीपाळीनं, टोकाशी मात्र त्यांचा झुबका. डोळ्याखाली गळलेल्या पानाचा वण असतो. त्यातले बारीक ठिपके म्हणजे पानाला पाणी पुरवणाऱ्या नळ्यांची मिटलेली तोंडं. आता टोकाकडून मागं बोट फिरवा. एके ठिकाणी फांदीभोवती दाट वळ्या लागतील. गेल्या वसंतात टोकाचा डोळा फुटला, तेव्हा त्याची खवलं तिथून गळली. तिथपासून टोकापर्यंतची लांबी ही एका वर्षाची वाढ. एखाद्या वर्षी वीतभर, एखाद्या वर्षी जेमतेम बोटभर. मला ही वळी सापडते तेव्हा झाडाशी ओळख झाल्यासारखं वाटतं.

लायलॅक, फोरसिथिया या झुडपांच्या डोळ्यांत फुलं आधीच्या उन्हाळ्यातच घडलेली असतात. द्राक्षाचंही तसंच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर येणाऱ्या काडीच्या डोळ्यात घडाची सुरुवात होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो.

मग जानेवारीतल्या एखाद्या उबदार दिवशी हे डोळे फसत कसे नाहीत? कारण पुरेशी थंडी भोगल्याशिवाय त्यांची झोप मोडतच नाही. त्यात जमेस धरली जाते ती मुख्यतः 0 ते 7 अंश सेल्सियसची थंडी. हाडं गोठवणारा कडाका फारसा मोजला जात नाही. नाशिकला एवढी थंडी नाही, म्हणून तिथं डोळे एकसारखे फुटावेत यासाठी छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावतात.

इथं फेब्रुवारी उजाडेपर्यंत फोरसिथियाचा थंडीचा हिशेब बहुधा पुरा झालेला असतो. दिवस जरा उबदार पाहून हातभर फांद्या तिरक्या कापाव्यात, कोमट पाण्यात ठेवाव्यात आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावं. एक ते तीन आठवड्यांत पिवळी फुलं उमलतात. डिसेंबरच्या सुरुवातीला कापलेल्या फांद्या बहुतेक वेळा तशाच मिटून राहतात. फुलं गळल्यावर फांद्या फेकू नका. पाण्यातल्या भागाला पुष्कळदा मुळं फुटतात.