अविकसित डावे हृदय : ऊतींतील विकृती आणि कारणमीमांसा

हृदयाचे डावे निलय महाधमनीवाटे सर्व शरीराला शुद्ध रक्त पुरवते. काही बालकांत जन्मतःच हे निलय अतिशय लहान असते. द्विदल झडप व महाधमनीची झडप अरुंद किंवा पूर्णतः बंद असते आणि महाधमनीचा आरंभीचा भागही बारीक असतो. नूनन व नॅडस यांनी १९५८ मध्ये या दोषसमूहाला ‘हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट सिंड्रोम’ असे नाव दिले.

गर्भावस्थेत फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणारी वाहिनी उघडी असल्याने उजवे निलयच शरीराचा भार वाहते. जन्मानंतर काही दिवसांत ती वाहिनी मिटते. उपचार न झाल्यास बालक दगावते.

अशा हृदयांच्या ऊती तपासल्यावर काहींमध्ये डाव्या निलयाच्या आतील बाजूस कोलॅजेन व इलॅस्टिन तंतूंचे जाड, पांढुरके अस्तर आढळते. त्यामुळे निलय ताठर होते. हे अस्तर विशेषतः द्विदल झडप अरुंद पण उघडी आणि महाधमनीची झडप बंद असताना दिसते.

कारणांविषयी दोन प्रमुख मते आहेत. पहिल्या मतानुसार रक्तप्रवाह घटला की निलयाची वाढ खुंटते. कोंबडीच्या भ्रूणात डाव्या अलिंदाचा भाग बांधून प्रवाह कमी केल्यावर डावे निलय लहान राहिल्याचे दिसले आहे. दुसऱ्या मतानुसार मूळ दोष जनुकांत व स्नायुपेशींच्या घडणीत असतो. टर्नर सिंड्रोममध्ये हा विकार आढळतो. ‘नॉच-१’ या जनुकातील बदलांशीही त्याचा संबंध दिसला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोन जनुकांतील एकत्रित बदलांमुळे उंदरांत असाच विकार उद्भवल्याचे दिसले. ही मते परस्परविरोधीच असतील असे नाही. जनुकीय दोषामुळे झडप बिघडून पुढे प्रवाहही घटू शकतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. एखादी गोष्ट विकारासोबत ‘आढळते’ म्हणजे ती त्याचे ‘कारण’ ठरतेच असे नाही. तंतुमय अस्तर हे कारण की परिणाम, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. हृदयाची मूळ रचना गर्भधारणेनंतर सुमारे आठ आठवड्यांत पूर्ण होते आणि बहुतेक बालकांत एकच निश्चित कारण सापडत नाही. अशा वेळी आईच्या वागण्यावर ठपका ठेवणे शास्त्रसंमत नाही आणि न्याय्यही नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : ‘आढळणे’ व ‘कारण असणे’ यांतील फरक वरील विवेचनाच्या आधारे स्पष्ट करा.